पथ्य गव्हाचे, प्रवास सुट्टीचा

सुट्टी मे महिन्यातली असो वा दिवाळीची, प्रवासाचा बेत ठरताना जेवणाचा विचार आपल्याकडे सर्वांत शेवटी होतो. गाडीचे आरक्षण, मुक्कामाची जागा आणि प्रेक्षणीय स्थळांची यादी झाली की उरलेल्या प्रश्नाला 'तिथे काहीतरी मिळेलच' हे ठरलेले उत्तर असते. बहुतेकांचे त्यात फारसे बिघडतही नाही. मात्र ज्यांना सिलिअ‍ॅक हा विकार आहे, त्यांच्यासाठी हेच वाक्य धोक्याचे ठरते. 'काहीतरी' म्हणून आपल्या देशात सर्वांत आधी पुढे येते ते पुरी-भाजी, सामोसा, सँडविच किंवा वडापाव; आणि त्या प्रत्येकात गहू असतो.

या विकाराला बोलीभाषेत सर्रास 'गव्हाची अ‍ॅलर्जी' म्हटले जाते. ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक नाही. अ‍ॅलर्जीत गहू पोटात जाताच अंगावर गांधी उठणे, धाप लागणे असे प्रकार होतात. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे जे सूक्ष्म उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात आणि अन्नातील पोषक द्रव्ये शोषली जाईनाशी होतात. त्यातून जुलाब, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली उंची, ठिसूळ हाडे अशा तक्रारी उद्भवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा अशा रुग्ण मुलांच्या प्रकृतीचे निरीक्षण करणाऱ्या विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाशी असलेला हा संबंध १९५० मध्ये आपल्या प्रबंधातून मांडला. त्यानंतर इतकी वर्षे लोटली तरी सर्वमान्य उपचार एकच आहे: ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे.

हे पथ्य किती काटेकोर असावे लागते, हे आकड्यांवरून ध्यानात येईल. मध्यम आकाराच्या एका पोळीत अंदाजे दोन ते अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. दररोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा पोहोचते, असे इटलीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. म्हणजे पोळीचा साधारण पन्नासावा भाग! 'एखाद्या पोळीने काय होते' असा आग्रह करणाऱ्या प्रेमळ यजमानांनी आणि मामा-मावश्यांनी हा हिशेब जरूर वाचावा. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसेल, तरच तो पदार्थ 'ग्लुटेनमुक्त' म्हणवला जातो. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादाही तीच आहे.

घरी हे पथ्य सांभाळता येते, कारण स्वयंपाकघर आपले असते. उपाहारगृहात आपल्याला फक्त पदार्थाचे नाव दिसते. मुदपाकखान्यात काय चालले आहे ते दिसत नाही. म्हणूनच 'यात गहू आहे का?' हा प्रश्न पुरेसा ठरत नाही. वाढणारा प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण मैदा, रवा, दलिया, शेवया हे सारे गव्हाचेच अवतार आहेत हे त्याच्या त्या क्षणी मनात नसते. त्याऐवजी हा पदार्थ कशात घोळवला, कशावर भाजला आणि कोणत्या तेलात तळला, असे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर देण्यासाठी वाढणाऱ्याला आत जाऊन आचाऱ्याशी बोलावे लागते, आणि आपल्याला हवे असते तेही तेवढेच.

कोकण आणि गोव्याचेच उदाहरण घेऊ. वरकरणी हा प्रदेश गहू वर्ज्य असणाऱ्यांसाठी नंदनवनच. भात, तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, नारळाच्या रसातले शिरवाळे, उकडीचे मोदक, सोलकढी, गोव्यातील सान्ना; सारा कारभार तांदूळ आणि नारळ यांचा. परंतु तळलेल्या मासळीची तुकडी येते ती बहुधा रव्यात घोळवून. सुरमई असो वा बांगडा, कुरकुरीतपणासाठी रवा लावण्याची पद्धत मालवणपासून मडगावपर्यंत रूढ आहे. तुकडी तांदळाच्या पिठात घोळवून द्यावी, अशी विनंती केली तर बहुतेक ठिकाणी ती मान्य होते. मात्र ती वेगळ्या तव्यावर, नव्या तेलात तळली जायला हवी, अन्यथा आधीच्या तुकड्यांचा रवा तिला चिकटणारच. कोंबडी-वडे हा मालवणी पाहुणचाराचा मानबिंदू असला, तरी वड्यांच्या पिठात तांदूळ आणि उडदाबरोबर अनेक घरांत गहूही दळला जातो. त्यामुळे कोंबडीचा रस्सा भाकरीबरोबर किंवा भाताबरोबर घ्यावा. गोव्यातील पाव आणि पोई अर्थातच वर्ज्य. बेबिंकाच्या सुंदर थरांमध्ये मैदा असतो, तर तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाच्या दोदोलमध्ये एरवी तो नसतो. पेयांविषयी बोलायचे तर बीअर जवापासून बनते, म्हणून ती बाद. काजूच्या किंवा माडाच्या फेणीचा धान्याशी संबंधच नाही.

घाटावर आले की भाकरीचा आधार वाटतो. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांत ग्लुटेन नाही. अडचण दोन ठिकाणी उद्भवते. पहिली पिठाच्या गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळल्यावर त्याच जात्यात ज्वारी पडली, तर पहिल्या काही किलो पिठात गहू मिसळलेला असतो. घरच्या दळणाबाबत गिरणीवाल्याला सांगता येते. खानावळीच्या दळणाबाबत ते शक्य नसते. दुसरी अडचण तव्याची. चपाती आणि भाकरी एकाच तव्यावर, एकाच पिठाळ हातांनी होतात. गर्दीच्या वेळी तर वेगळेपणाची अपेक्षाच व्यर्थ. त्यापेक्षा साधा वाफेचा भात, वरण आणि समोर उकडलेली अंडी हे जेवण कमी रुचकर असले तरी अधिक भरवशाचे. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, हे अनेकांना विचारल्यावरच आठवते. थाळीतला उडदाचा पापड निर्दोष असतो, पण तो ज्या कढईत तळला गेला तिच्यात क्षणापूर्वी कुरडई फुललेली असते, आणि कुरडई म्हणजे गव्हाचा चीकच. मिसळीतला पाव बाजूला ठेवता येईल. फरसाणातली मैद्याची पापडी वेचून काढता येणार नाही.

उपवासाची थाळी

या सगळ्यात एक हुकमी सोय आपल्या परंपरेनेच करून ठेवली आहे, आणि तिच्याकडे आश्चर्यकारक दुर्लक्ष होते. उपवासाला गहू चालत नाही. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळे, बटाटा, शेंगदाणा या उपवासाच्या पदार्थांपैकी एकातही ग्लुटेन नाही. विशेष म्हणजे उपवासाच्या स्वयंपाकाची भांडी आणि पिठे वेगळी ठेवण्याचा दंडक अनेक ठिकाणी आजही पाळला जातो. ग्लुटेनचे कण टाळण्यासाठी परदेशातली उपाहारगृहे जी शिस्त प्रशिक्षण देऊन शिकवतात, ती इथे सोवळ्याच्या धाकाने आपोआप पाळली जाते! आणखी एक फायदा असा की मराठी उपवासाला हिंग चालत नाही. एकादशीला पंढरपुरात किंवा नवरात्रात कोल्हापूर-तुळजापूरकडे जाणाऱ्या रुग्णाला त्यामुळे एरवीपेक्षा अधिक निर्धास्तपणे जेवता येते. उत्तर भारतातही नवरात्रात हॉटेले खास 'व्रत की थाली' देतात. तिच्यातली पुरी कुट्टूच्या किंवा शिंगाड्याच्या पिठाची असते. कुट्टूला इंग्रजीत 'बकव्हीट' म्हणतात. नावात 'व्हीट' असले तरी गव्हाशी त्याचे नाते नाही. साबुदाणा वडा मात्र बटाटेवडे आणि सामोशांच्याच कढईत तळलेला नाही ना, एवढे विचारून घ्यावे. खिचडी तुलनेने सुरक्षित.

हिंगाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. बाजारात मिळणारा बांधानी हिंग हा शुद्ध हिंग नसतो. तो डिंक आणि पीठ यांच्या साहाय्याने बांधलेला असतो, आणि हे पीठ बहुधा गव्हाचे असते. वरण, आमटी, सांबार, रसम, लोणची, पापड, सर्वत्र त्याचा वावर. चिमूटभर हिंगातून एका वाटीत उतरणारे ग्लुटेन अत्यल्प असते हे खरे. पण उपाहारगृहातला हात सढळ असतो आणि दिवसभराचे असे अत्यल्प अंश एकत्र होतात. शक्य तिथे हिंगाविना फोडणी मागावी. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते प्रश्न विचारण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रवा, मैदा, सोया सॉस, तवा आणि कढई, त्यानंतर हिंग. सुरुवातच हिंगाने केली तर आचारी वैतागतो आणि रव्याचे विचारायचे राहून जाते.

दक्षिण आणि उत्तर

दक्षिण भारतात इडली, डोसा, अप्पम, इडिअप्पम यांमुळे प्रवास सुकर होतो. रवा इडली आणि रवा डोसा नावानेच ओळखू येतात. उपमा रव्याचा, केरळातला परोटा मैद्याचा. डोशाचा तवा रवा डोशासाठीही वापरला जातो, म्हणून न्याहारीला इडली श्रेयस्कर. उत्तरेत परिस्थिती उलट. ताटात गहू मध्यवर्ती. मक्याची रोटी मागवली तर ती लाटता यावी म्हणून तिच्यात कणीक मिसळलेली निघते. तंदुरी कोंबडी त्याच भट्टीतून येते जिच्या भिंतींना नान चिकटलेले असतात. दम बिर्याणीत गहू कुठून येणार, असे वाटेल; पण हंडीचे झाकण कणकेने लिंपलेले असते आणि ते फोडताना तिचे तुकडे भातात पडतात. राजस्थानात बाजरीची रोटी, बेसनाचे गट्टे, केर-सांगरी असा पर्याय आहे. काश्मीर भात खाणाऱ्यांचा प्रदेश. लडाखमध्ये मात्र विशेष जपावे. तेथील सत्तू जवाचा असतो आणि जवात ग्लुटेन आहे, हे 'गव्हाचे नाही ना' असे विचारून कळणार नाही.

गंमत अशी की जिथे पदार्थ सोयीचे आहेत तिथे विकाराची ओळख कमी, आणि जिथे ओळख आहे तिथे पदार्थ गैरसोयीचे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत या विकाराशी निगडित प्रतिपिंडे उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के, तर दक्षिणेत अवघ्या ०.१० टक्के लोकांच्या रक्तात आढळली. दिल्ली-चंडीगडकडच्या डॉक्टरांना आणि थोड्याफार हॉटेलांनाही हा शब्द परिचित आहे. चेन्नई किंवा मडिकेरीच्या खानावळीत तो उच्चारला तर समोरचा गोंधळून पाहतो. तिथे आजाराचे नाव सांगण्यापेक्षा धान्याचे नाव सांगावे. गव्हाला कन्नडमध्ये गोधी, तेलुगूत गोधुमलु, तमिळमध्ये गोदुमै आणि मल्याळममध्ये गोतंबू म्हणतात. सारे शब्द संस्कृत 'गोधूम'चे सगेसोयरे, त्यामुळे लक्षात ठेवणे अवघड नाही.

सर्वत्र सारखाच सापळा म्हणजे आपल्याकडचे 'चायनीज'. नूडल्स टाळून फ्राइड राइस मागवणाऱ्यांना आपण पथ्य पाळले असे वाटते. वास्तविक नेहमीचा सोया सॉस सोयाबीन आणि गहू आंबवूनच तयार करतात. मंच्युरियनच्या गोळ्यांत मैदा, आणि परतण्याची कढई एकच. अलीकडे मुंबई, पुणे आणि गोव्यातील कॅफेंच्या मेन्यूवर 'ग्लुटेन फ्री' अशी खूण दिसू लागली आहे. वजन घटवण्याच्या फॅशनमधून ती आली असल्याने तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. नाचणीचा पिझ्झा मैद्याच्या पिझ्झ्याशेजारी त्याच फडताळात भाजला जात असेल, तर हौशी ग्राहकाला फरक पडत नाही, रुग्णाला पडतो. २०२० च्या नियमांनुसार मोठ्या साखळी उपाहारगृहांनी अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे अपेक्षित आहे. ती मागून घेण्यात संकोच नसावा.

पास्त्याच्या देशात

परदेश प्रवासात सर्वाधिक धास्ती वाटते ती इटलीची, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक सोय होते तीही तिथेच. पास्ता आणि पिझ्झा यांवर जगणाऱ्या त्या देशाने २००५ मध्ये १२३ क्रमांकाचा स्वतंत्र कायदा करून सिलिअ‍ॅकला सामाजिक आजाराचा दर्जा दिला. निदान झालेल्या नागरिकांना ग्लुटेनमुक्त पदार्थ घेण्यासाठी दरमहा ठरावीक साहाय्य मिळते आणि शाळा, रुग्णालये यांसारख्या सार्वजनिक भोजनगृहांना मागणीनुसार असे जेवण द्यावे लागते. २०२३ मध्ये तर मुलांची या विकारासाठी सरसकट तपासणी करण्याचा कायदाही तिथे संमत झाला. १९७९ मध्ये स्थापन झालेली तेथील रुग्णांची संघटना उपाहारगृहांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते आणि अशा ठिकाणांची यादी ठेवते. पर्यटकाने 'सोनो चेलियाको' (स्त्रियांनी 'सोनो चेलियाका'), म्हणजे 'मला सिलिअ‍ॅक आहे', एवढे म्हटले की पुढचे स्पष्टीकरण बहुधा लागत नाही. 'सेन्झा ग्लुटिने' ही पाटी आणि गव्हाच्या लोंबीवर काट मारलेले चिन्ह पाहावे. भाताचा रिसोत्तो, मक्याचा पोलेंता, जेनोव्हाकडची हरभऱ्याच्या पिठाची, आपल्या पिठल्याच्या वडीची आठवण करून देणारी फारिनाता हे मूळचेच गव्हाविना असलेले पदार्थ. पण 'फार्रो' म्हणजे गव्हाचाच जुना वाण आणि 'ऑर्झो' म्हणजे जव. कॉफीऐवजी मिळणारे ऑर्झोचे पेय त्यामुळे चालत नाही. जेलातो कोनात न घेता कपात घ्यावे आणि स्वच्छ चमचा वापरण्यास सांगावे.

युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांनाही ग्लुटेनयुक्त धान्यांसह १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. ऑस्ट्रेलियाचा नियम याहूनही कडक: चाचणीत ग्लुटेन आढळताच कामा नये. अमेरिकेत पॅकबंद खाद्यपदार्थांवरच्या ऐच्छिक 'ग्लुटेन फ्री' उल्लेखासाठी २० भाग प्रति दशलक्ष ही मर्यादा २०१३ मध्ये ठरली. मक्याच्या टॉर्टिया देणारी मेक्सिकन उपाहारगृहे तिथल्या मराठी मंडळींनाही जवळची वाटतात. अवघड देश म्हणजे जपान. भात आणि मासळीचा देश म्हणून निर्धास्त जावे, तर सोया सॉस जवळजवळ प्रत्येक पदार्थात. पाण्याऐवजी मिळणारा थंड चहा कित्येकदा जवाचा. आणि सोबा नूडल्स नावाने बकव्हीटच्या असल्या तरी बहुतेकांत गहू मिसळलेला. जपानी भाषेत लिहिलेले कार्ड जवळ असल्याशिवाय तिथे उपाहारगृहात बसू नये.

हे कार्ड देशातही उपयोगी पडते. त्यावर आजाराचे वर्णन लांबवू नये. आचाऱ्याला कृती कळली पाहिजे. हिंदी मुलखासाठी ते असे असावे: 'मुझे गेहूँ और जौ से बीमारी होती है। आटा, मैदा, सूजी, दलिया, सेवई, सोया सॉस और बंधानी हींग मेरे खाने में बिल्कुल न डालें। कृपया साफ़ बर्तन, साफ़ तवा और नया तेल इस्तेमाल करें।' कार्ड दाखवण्याची वेळ दुपारी साडेबारापूर्वी किंवा सायंकाळी सातच्या आसपास असावी; ऐन गर्दीत कुणी तवा घासत नाही.

विमान प्रवासात अनेक कंपन्या 'जीएफएमएल' या सांकेतिक नावाने ग्लुटेनमुक्त जेवण देतात. ते किमान २४ तास आधी नोंदवावे लागते आणि परतीच्या प्रवासासाठी पुन्हा नोंदवले गेले आहे का, हे तपासावे लागते. रेल्वेत शिदोरीला पर्याय नाही. भाजक्या पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाण्याची चिक्की, लाह्या हे पदार्थ टिकतात आणि सोबतच्यांनाही आवडतात, म्हणून थोडे जास्तच घ्यावेत. परदेशी जाताना खाद्यपदार्थ सीमाशुल्क अर्जात न विसरता नोंदवावेत.

सर्वांत नाजूक प्रसंग येतो तो समूहसहलीत. सोबत महाराज असतात, दोन वेळा गरम पोळी-भाजी मिळते, हेच अशा सहलींचे आकर्षण. आणि पथ्य असलेल्यासाठी तीच अडचण. आरक्षणाच्या वेळी तोंडी दिलेले 'करू की, काळजी नको' हे आश्वासन तिसऱ्या दिवशीच्या आचाऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. पैसे भरण्यापूर्वी लेखी कळवावे, कोणत्या दिवशी कुठे जेवण आहे याची यादी मागावी, आणि छोटा विजेचा भात-कुकर सामानात ठेवावा. शाळेच्या सहलीला जाणाऱ्या मुलाबाबत शिक्षकांना एवढेच सांगणे पुरत नाही की 'त्याला पोळी चालत नाही'. बिस्किट, पाव, शेवया आणि शिरा यांची नावे लिहून द्यावीत. वाढत्या वयाचे मूल मित्रांदेखत नकार देण्यापेक्षा मुकाट्याने खाणे पसंत करते, आणि लगेच काही त्रास झाला नाही तर पुढच्या वेळीही खाते. आतड्याची झीज मात्र त्रास जाणवला नाही तरी होतच असते.

एवढे करूनही चूक होऊ शकते. पोटात गेलेल्या ग्लुटेनवर उतारा असे औषध नाही. भरपूर पाणी, ताक, मऊ भात घ्यावा. जुलाब-उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरांना गाठावे. काय खाल्ले, कुठे खाल्ले याची त्याच दिवशी नोंद ठेवावी. परतल्यावर नियमित रक्ततपासणीच्या वेळी ती नोंद डॉक्टरांना दाखवता येते. आणि हा लेख वाचून स्वतःविषयी शंका आलेल्यांनी तपासणी होण्यापूर्वीच गहू सोडू नये. गहू बंद केल्यावर रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण घटते आणि विकार असूनही अहवाल निर्दोष येण्याचा संभव असतो.